भुऱ्याचं प्रेशर

३ जून
डॉक्टरीणबाईंनी आज भुऱ्याला हाय बीपी असल्याचं जाहीर केलं. कुत्र्याला! शेपटीला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा आला एकशे नव्वद. किडन्या थकल्यात म्हणे. रोज गोळी द्या, नाहीतर डोळे जातील.
मी उभा जन्म कारखान्यात बॉयलर सांभाळला. मला प्रेशर शिकवायला निघाल्या! आमचा पहिला नियम: काटा चढला की आधी काट्यावर संशय घ्यायचा. गोळ्या घेतल्या, खिशात टाकल्या. द्यायच्या नाहीत. हिला सांगून टाकलं, गोळ्यांचं मी बघतो, तू यात पडू नकोस.

५ जून, सकाळी
घरच्या मशीनवर स्वतः तपासणी. माझा पट्टा त्याच्या पायाला सैल पडतो, म्हणून टॉवेल गुंडाळून बांधला. मशीनने ‘एरर’ दाखवलं. चारही पायांना तेच. म्हणजे बीपी नाहीच. भुऱ्या पलंगाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला.

८ जून
पाणी भरपूर पितो. बादलीच्या बादली. उत्तम लक्षण. बॉयलरमध्ये पाणी पुरेसं असलं की निम्मी काळजी मिटते. ही म्हणते, रोज सकाळी हॉलमध्ये तळं साचतं. साचणारच. बॉयलरचंही पाणी अधूनमधून खालून सोडावं लागतं. बायकांना टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही. फरशी मात्र मी पुसली.

१२ जून
टेबलाच्या पायाला धडकला. हिने टेबल सरकवलंय. ही म्हणते, लग्नापासून टेबल तिथंच आहे. उगाच फाटे फोडायची सवय.

१४ जून
बिस्किट फेकलं. नाकासमोरून गेलं, झेललं नाही. हट्टी झालाय. माझ्यावर गेलाय, दुसरं काय. उद्यापासून शिस्त.

१५ जून, दुपारी
दारात उभा होतो. भुऱ्या समोर बसलेला, तोंड माझ्याकडेच. शेपूट हलली नाही. हात हलवून पाहिला. काही नाही. मग हाक मारली. शेपूट जोरजोरात हलली, तो उठला आणि आनंदाने भिंतीकडे निघाला.
भीती वाटली, खरंच वाटली. हिला हाक मारली. हिने गोळ्यांचं पाकीट मागितलं. खिशातून काढून दिलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. हिने पाकीट पिशवीत टाकलं आणि रिक्षा आणायला सांगितली.

१५ जून, संध्याकाळी
दवाखाना. दोनशे वीस. मी म्हटलं, पट्टा बदला. बदलला. आकडा तेवढाच. तिसऱ्यांदा पट्टा कसा बांधायचा ते मी स्वतः दाखवायला गेलो.
“काका, तुम्ही जरा बाहेर बसा,” बाई म्हणाल्या.
बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने आत बोलावलं. दोनशे.
“बीपी आहेच, आणि खूप आहे,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही जवळ असलात की वीसने आणखी वाढतं.”
डोळ्यांचं विचारलं. डावा कदाचित परत येईल म्हणाल्या.

२ जुलै
डाव्याने दिसायला लागलंय. आज माझ्या चपलेकडे बघून गुरगुरला, मला भरून आलं. उजवा गेला. गोळ्या आधी सुरू केल्या असत्या तर, असं ही म्हणत नाही. मीही म्हणत नाही.
बाईंचा तो वीसचा आकडा मात्र मला साफ नामंजूर. शेजारी माणूस उभा राहिला म्हणून प्रेशर चढलं, असं नोकरीत एकदाही पाहिलं नाही. बाईंनी पट्टा बदलूनच घेतला असणार.
गोळी आता ही देते. त्या वेळी मी आपणहून बाल्कनीत जाऊन उभा राहतो. ही आतून कडी लावून घेते.