चार मुंग्यांचं दही

गोर्ना ब्रेझा,
मे महिन्याचा पहिला आठवडा

तीर्थरूप नेव्यानाताईच्या पायांशी,

धाकट्या ल्युबेनचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून जरा कमीच वाकलो, भक्ती पूर्ण समजावी.) तुझी तब्येत बरी असेल, दाजींचा गुडघा व्हॅलेन्सियातल्या जिन्यांना सरावला असेल आणि दोघं वेळेवर जेवत असाल असं धरून चालतो. इकडे मी खुशाल आहे. कोंबड्या माझ्याहून खुशाल आहेत. आईच्या थडग्याभोवतीचं गवत काढलं, यंदा तिथे आपोआप पुदिना उगवला आहे, तो तसाच ठेवला.

तू फोनवर दर वेळी विचारतेस, "शाळा बंद केली का रे त्यांनी? म्हणजे इकडे तुझ्यासाठी खोली झाडून घेते." आणि मी दर वेळी विषय कोंबड्यांवर नेतो. या वेळी मात्र खोली खरंच झाडून घे. शाळा ठेवायची की पाच पोरांना मोटारीत घालून खालच्या गावी न्यायचं, हे ठरवायला जिल्ह्याहून इन्स्पेक्टर द्रागनेवाबाई येऊन गेल्या, आणि त्या दिवशी जे झालं त्यानंतर शाळा राहील असं मला वाटत नाही.

सगळ्याच्या मुळाशी वरून आलेला हुकूम आहे. यापुढे म्हणे विज्ञान वेगळं आणि वाचन-लेखन वेगळं असं शिकवायचं नाही, दोन्ही एकत्र. (माझ्या शाळेत चार इयत्ता, एक खोली आणि एकच शेगडी. तिथे विज्ञान, व्याकरण आणि माझं दुपारचं जेवण पहिल्यापासून एकाच टेबलावर आहे, पण हे कुणाला सांगणार?) त्यासाठी आम्हा मास्तरांना शहरात बोलावून प्रशिक्षण दिलं. शिकवणारी मुलगी एवढी तरुण होती की मला सारखं तिला "चष्मा नीट धर" म्हणावंसं वाटत होतं. पण तिने सांगितलेली एक गोष्ट मनाला पटली. आधी बघायचं, मग त्यावर बोलायचं, मग लिहायचं, आणि लिहायचं ते फक्त दिसलं तेवढंच, पदरचं काही घालायचं नाही. परतीच्या बसमध्येच मी ठरवून टाकलं की आपण दही लावायचं. पोरं बघतील, बोलतील आणि लिहितील, आणि उरलेलं खाऊन टाकू.

आता दह्याला विरजण हवं, आणि आईचं विरजण माझ्याकडे राहिलेलं नाही. आई गेल्यावर तुझ्या वाटचं तू रुमालावर वाळवून घेऊन गेलीस. माझ्या वाटचं मी हिवाळाभर चालवलं. पण एकट्या माणसाने दही खाऊन खाऊन किती खायचं गं? सकाळी दही, दुपारी दही, मांजरीला दही, पुढे मांजरसुद्धा मला बघून खुर्चीखाली जायला लागली. मग मध्ये दिवस पडत गेले आणि एके दिवशी ते आंबून कडू झालं. आईच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. (हे फोनवर बोललो नाही, कारण दाजी स्पीकर लावून ऐकतात आणि मध्येच हवामान विचारतात.)

तर बसमधून उतरलो तो तडक झ्लाताआजीकडे विरजण मागायला गेलो. डोक्यात प्रशिक्षण होतं, दिवे लागले आहेत हे ध्यानातच आलं नाही. म्हातारीने दार फटीएवढं उघडलं आणि ओरडलीच, "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? सूर्य बुडाल्यावर विरजण मागतोस? माझी गाय आटवायचीय का?" मी म्हटलं, "आजी, गाय जाऊन तुझी किती वर्षं झाली! तू दूध दुकानातून आणतेस." तर म्हणते, "गेली बिचारी, म्हणून काय तिचं दूध तोडायचं? सूर्य बुडाल्यावर या घरातून विरजण बाहेर पडायचं नाही. एवढी घाई असेल तर जा मुंग्यांकडे, त्या विचारत नाहीत वेळ." आणि दार लावून घेतलं. मी सकाळी परत गेलो असतो तर ही कथाच झाली नसती. पण मुंग्यांचं दही तुला आठवतं ना? आपली पणजी विरजण मोडलं की रानातल्या मुंग्यांवर दही लावायची, असं आई सांगायची. मला वाटलं, यात विज्ञानही आहे आणि गोष्टही आहे, याहून एकत्र ते काय असणार!

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन पाइनच्या रानात गेलो. कोमट दुधात चार जिवंत मुंग्या सोडल्या, बरणीला फडकं बांधलं आणि बरणी वारुळातच पुरली. सकाळी बरणी उकरून काढली, तर दही लागलं होतं! घट्ट, थोडं लिंबासारखा वास येणारं. पोरं नाचली, मीही नाचलो (कंबर त्याचीच). बरणी खिडकीत ठेवून आम्ही लिहायला बसतो न बसतो तोच बाहेर मोटार थांबली आणि द्रागनेवाबाई दारात उभ्या राहिल्या. न कळवता!

मी सकाळीच आणलेली चीजची खुसखुशीत बानित्सा पुढे केली. बाई म्हणाल्या, "नको, घाटातल्या वळणांनंतर तेलकट नको वाटतं." मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. "अय्या, घरचं दही! शहरात दह्याच्या नावाखाली खळ खाऊन कंटाळलेय हो गुरुजी. वाटीभर द्याल?" आता आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे दही नाही म्हणता येतं का? आणि कशाचं आहे ते कुठल्या तोंडाने सांगू? मी वाटीभर वाढलं. बाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, म्हणाल्या, "व्वा." आणि ताई, माझी पोरं किती शिकलेली बघ. एकही फिदकन हसलं नाही. आधी बघायचं, असं मी शिकवलं होतं. पाचही जणांनी पेन्सिली उचलल्या आणि बाईंचं निरीक्षण सुरू केलं.

वाटी तळाला आली तेव्हा बाई म्हणाल्या, "काय लिहिताय रे बाळांनो? वाचून दाखवा बघू कुणीतरी." समोरच्या घरातली नेदा उठली. तिसरीत आहे, आवाज घंटेसारखा. ती वाचू लागली:

"साहित्य: दूध, बरणी, फडकं, चार मुंग्या." बाईंचा चमचा हवेत थांबला. "मुंग्या जिवंत होत्या. सकाळी दही झालं. बरणीतून तीन मुंग्या निघाल्या." बाईंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीकडे पाहिलं. बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "पुढे वाच."

"मुंग्या का घातल्या? कारण गुरुजींकडे विरजण नव्हतं. का नव्हतं? विरजण जिवंत असतं. रोज दही लावून खाल्लं तरच ते जगतं. गुरुजींच्या घरी खाणारं एकच माणूस आहे. ते रात्री दोन ताटल्या काढतात आणि एक परत ठेवतात. आमच्या खिडकीतून दिसतं. निष्कर्ष: दही लावायला मुंग्या चालतात, पण विरजण टिकायला घरात माणसं लागतात."

मी फळा पुसायला वळलो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी पुसला. मागून बाईंनी विचारलं, "शुद्धलेखनाच्या चुका?" मी म्हटलं, "एक आहे." तेव्हा चमचा वाटीवर वाजला. वळून पाहिलं तर बाईंनी उरलेला शेवटचा घास खाल्ला होता. नंतर त्या मोटारीत बसल्या आणि निघून गेल्या.

ताई, मला फार एकटं वाटतं. एक वाजता पोरं घरी जातात, आणि मग दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला फक्त त्यांच्या वह्या असतात. मी त्या मोठ्याने वाचतो, म्हणजे घरात आवाज राहतो. शाळाही गेली तर इथे थांबून कुणाच्या वह्या वाचू? म्हणून म्हणतो, खोली झाडून घे.

दाजींना नमस्कार, आणि त्यांना सांग, हवा चांगली आहे.

तुझा,
ल्युबेन

ता. क. पाकीट चिकटवणार तोच द्रागनेवाबाईंचा फोन आला. शाळा आणखी एक वर्ष राहणार! चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, नेदाने आपलं लेखन जिल्ह्याच्या कार्यक्रमात वाचायचं आहे. मुंग्यांचं वाक्य गाळता येईल का, असं बाईंनी हळूच विचारलं. नेदाला विचारलं, तर ती नाही म्हणाली, दिसलं ते दिसलं. तेव्हा खोली झाडू नकोस. दाजींची सायकल ठेव तिथे.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. रुमालावरचं आईचं विरजण तुझ्याकडे अजून चालू आहे ना? मला त्यातलं थोडं हवं आहे. पोस्टाने पाठवू नकोस, तू घेऊन ये. दोघंही या. चोवीस मेच्या आधी या.

ता. क. तिसरा. पोचाल ते उजेडी पोचा. आणि आल्याबरोबर परत निघायची भाषा नको. सूर्य बुडाल्यावर या घरातून विरजण बाहेर पडत नाही, मग तुला कोण सोडतंय?