न खेळलेला सामना

अबेओकुटा,
सोमवार, १९ जानेवारी १९८७

लाबी, बाळा,

आईचा आशीर्वाद घे. तू खातपीत असशील, अंगावर धड कपडे असतील, असं धरून चालते. मी बरी आहे. धुळीचा वारा सुटलाय, ओठ फुटलेत, चवळीचे वडे तळताना कढईत वाळू पडते. कांद्याचा ट्रकवाला मूसा उद्या कानोला परत निघतोय, त्याच्या हाती हे देते. पत्र लिहून देणाऱ्याकडे गेले नाही. तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं लाव.

काम एकच आहे. शनिवारी ३१ तारखेला घरी ये. सकाळी ये. का ते खाली येतंय.

दोन कोंबड्या मेल्या. शेजारणीच्या पोरीचं लग्न मोडलं, बरं झालं.

तुझ्या बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, हे मागच्या पत्रात कळवलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. असू दे. त्यांच्यावाचून सामन्यांवर पैसे लावायच्या त्या पूलच्या दुकानाचं फार अडायला लागलं. विलायतेतला कुठला फुटबॉल सामना बरोबरीत सुटणार, हे आकडे बघून त्यांच्यासारखं कोण सांगणार? तू त्याच दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "ज्यानं जन्मात बर्फ बघितला नाही, तो विलायतेच्या हिवाळ्याचे हिशेब करतोय!" लोक हसले. बाबा नाही हसले. मग तू कानोला निघून गेलास.

तर राफिऊ शिंपी आणि म्हातारा ओजो दर गुरुवारी घरीच यायला लागले. ओजो पेपरातले आकडे वाचायचा, राफिऊ बाबांचा डावा हात धरून बसायचा. हात आवळला की तो सामना बरोबरीत.

मी म्हटलं, "अरे गाढवांनो, लघवी लागली की ते हात आवळतात. उठा, भांडं आणू द्या."

ओजो म्हणाला, "लाबीच्या आई, तुम्ही वडे बघा. इथं डोक्याचं काम चाललंय."

"तुमचं डोक्याचं काम आता चादरीवर येईल."

आलंच. पण त्यातले दोन सामने खरंच बरोबरीत सुटले, मग माझं कोण ऐकतंय! मीही सोडून दिलं. माणसं येत होती, बाबांना उठवून बसवत होती, त्यांच्याशी बोलत होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

गेल्या गुरुवारी हात हलेचना. ओजो आपला वाचतोय, "घरच्या मैदानावर सहा सामने, तीन बरोबरीत. पाहुणे बाहेर जाऊन गोल खात नाहीत, करतही नाहीत. बोला, लाबीचे बाबा!" काही नाही. मग यादीत विलायतेतल्या कोळ्यांच्या गावच्या त्या संघाचं नाव आलं. ओजो सहज म्हणाला, "हा तर तुमच्या लाबीचा संघ. तुमच्या मांडीवर बसून हेच नाव ओरडायचा."

हात आवळला. असा, की राफिऊ कळवळला. "पक्की! आजवरची सगळ्यात पक्की बरोबरी!" दोघं पळत सुटले. अख्ख्या दुकानानं त्याच सामन्यावर लावलं म्हणे.

मी भांडं घेऊन आले. चादर कोरडी होती. भांडंही कोरडंच राहिलं. माझा हात धरून ते दाराकडे बघत राहिले.

शुक्रवारी सकाळी बाबा गेले. चवळी भिजत घातलेली होती. ती वाटली, तळली, विकली, आणि मग लोकांना सांगितलं. असं का केलं, मला विचारू नकोस. रडू अजून आलेलं नाही. आत काही हलतच नाही. त्यांना ३१ तारखेपर्यंत मोठ्या इस्पितळात बर्फात ठेवलंय. राफिऊ त्यांना घालायला पांढरा अंगरखा शिवतोय, माप विचारायला आला नाही. पुरताना पहिली माती थोरल्यानं टाकायची असते. तुझा धाकटा भाऊ तयार आहे, पण थोरला तू आहेस.

शनिवारचा तो सामना झालाच नाही. मैदान बर्फाखाली गेलं. अशा वेळी तिकडचे चार-पाच जाणते एका खोलीत बसतात आणि न झालेला सामना कसा सुटला असता ते ठरवतात, तुला माहीत आहे. त्यांनी बरोबरी ठरवली. राफिऊ सांगायला धावत आला आणि दारातच बसून बाईसारखा रडला. "लाबीच्या आई, शेवटपर्यंत चुकले नाहीत हो!" मी त्याला पाणी दिलं. हात कशानं आवळला होता, ते त्याला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

तुमच्या दोघांचा सामनाही राहूनच गेला. आता कोण जिंकलं नि कोण हरलं, कुणाला विचारणार? इथं जाणती मी एकटी उरलेय. बसून ठरवलंय. बरोबरी. ये आणि माती टाक.

तू गेल्यावरही गाव त्यांना 'लाबीचे बाबा' अशी तुझ्याच नावानं हाक मारत होतं, आणि ते ओ देत होते.

लाबीची आई