मटार मीच विकणार

अहो,

मटार, कांद्याची कोवळी पात आणि पहिल्या स्ट्रॉबेऱ्या शेजाऱ्यांच्या टेम्पोत भरून मी शेतकरी बाजारात चालले आहे. "माझा पाय बरा होईपर्यंत माल व्यापाऱ्याला देऊन टाकू. हिचा आवाज शेजारच्या स्टॉलपर्यंतही जायचा नाही," असं काल जावयासमोर म्हणालात. मला ते पटलेलं नाही. हंगामातला हा पहिला माल मी कंबर मोडेस्तोवर तोडलाय, तो मातीमोल देणार नाही. व्यापाऱ्याला फोन करून तसं सांगितलंय.

जेवण झाकून ठेवलंय. कुबड्या पलंगाशेजारी आहेत, पण त्या स्वयंपाकघरापर्यंत जायला, माझ्या मागे बाजारात यायला नाहीत. संध्याकाळी माझा घसा बसलेला असेल, तेव्हा भांडण उद्या करू.