चुलीमागची फळी

मी, तानुबाई झिपरू बडगुजर, राहणार सोनगीर, जिल्हा धुळे, वय शहात्तरच्या आसपास (जन्मले तेव्हा कोणी लिहून ठेवले नाही), हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सांगत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. निवृत्त शिक्षक प्रेमराज गुरुजी लिहीत आहेत. मी सांगेन तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, असे ठरले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आत्ताच गुरुजींनी चहात दुसऱ्यांदा साखर घातली, ती मी पाहिली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला एक मुलगा, कुंदन, आणि एक मुलगी, दिपमाला, पहूरला दिलेली. कुंदनची बायको ज्योती. त्यांची मुलगी पुनम, वय चौदा. पुनमला सातव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे. तिच्या अंगात इन्सुलिन होत नाही, म्हणून रोज टोचून द्यावे लागते. आजार घरातल्या साऱ्यांना झाला, सुई तेवढी तिला लागते.

१) माझ्या नावचे दीड एकर शेत कुंदनला द्यावे. धुळ्याला दर महिन्याला अशा मुलांच्या आईबापांची बैठक असते, तिथे त्याने जात राहावे. पोरगी आजारी पडल्यापासून तो माणसांपेक्षा आपल्या भाड्याच्या टेम्पोशी जास्त बोलतो. पहिल्या बैठकीत त्याने नाव सांगितले, दुसऱ्या बैठकीत गाव. तिसऱ्या बैठकीत रडला. प्रगती चांगली आहे.

२) सोन्याची पोत आणि सर्व पितळी भांडी दिपमालाला. मोठा हंडा तिने लग्नातच नेला. ती नाही म्हणते. मी परत मागत नाही, पण नेला होता.

३) माझी नणंद शेवंताबाई. हिने सात वर्षांत पुनमसाठी कारल्याची, जांभळाच्या बियांची आणि आणखी कसली कसली भुकटी आणली आणि प्रत्येक पुडीबरोबर, "हिनं लगन कसं व्हई वं माय," हेही न मागता दिले. साऱ्या पुड्या मी पत्र्याच्या डब्यात न उघडता जपल्या आहेत. डब्यासह तिच्या स्वाधीन कराव्यात.

४) राहते घर सून ज्योती हिच्या एकटीच्या नावे करावे. कुंदन, तोंड वाकडे करू नकोस, ती तुला राहू देईल. असे का केले ते लिहून ठेवणे भाग आहे.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात, रविवारी, आमच्याकडे कानबाई देवी बसली होती. साठ भाऊबंदांचा रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक, पुरण, खीर, आणि सारे ज्योतीच्या डोक्यावर. सकाळची सुई देऊन ती कामाला लागली. मी फ्रिज उघडला, तर देवीच्या खिरीच्या दुधाला लागून सुयांचा आणि औषधाचा डबा. मला विटाळ वाटला. मी तो डबा उचलून चुलीमागच्या फळीवर ठेवला. त्या चुलीवर दिवसभर कढया चढल्या होत्या. संध्याकाळच्या सुईआधी मी डबा गुपचूप जागेवर ठेवला. ज्योतीने त्यातले औषध वेळच्या वेळी दिले, दुसऱ्या दिवशीही दिले. मंगळवारी सकाळी पोरगी ओकू लागली, जोरजोरात श्वास घेऊ लागली. धुळ्याला नेले. चार दिवस काचेआड होती.

सारे म्हणाले, स्वयंपाकाच्या गडबडीत आईच सुई विसरली. ज्योती आधी नाही म्हणाली. मग गप्प झाली. मग तिलाच तसे वाटू लागले.

चार महिन्यांनी त्या बैठकीत नर्सबाईंनी सांगितले, की उष्णतेने हे औषध मरते आणि दिसायला पहिल्यासारखेच राहते. मी तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. मला सारे कळले, आणि मी घरी येऊन भाकरी खाल्ली.

तेव्हापासून ज्योती एकेक सुई वहीत लिहिते, लिहिलेले तीनदा वाचते. पोरीला कोणाच्या हाती सोडत नाही. आखाजीला गावातल्या साऱ्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आमची सून पाच आखाज्या माहेरी पाचोऱ्याला गेली नाही. भावाच्या लग्नालाही हळद लागेपर्यंतच थांबली. ती पूर्वी फार हसायची. माझ्यावरच हसायची, तरी ते बरे होते.

हे माझ्या मागे वाचून दाखवावे, असे मी गुरुजींना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. "अक्का, त्या पोरीनं तुमच्या मरणाची वाट पाहायची का?" शिक्षक होते, बोलणारच. लिहिणे त्या दिवशी तिथेच थांबले. मी ज्योतीला हाक मारली आणि सांगितले.

ती उभीच राहिली. "अक्का, मनं चुकनं नव्हतं?"

"नही वं माय. तुनं काहीच चुकनं नव्हतं."

दोन दिवस तिने मला भाकरी वाढली, पण शब्द बोलली नाही. तो तिचा हक्क होता, तोही या घराबरोबर तिच्याकडेच राहावा. तिसऱ्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटताना म्हणाली, "आखाजीले जाऊ का?" मी म्हणाले, "माले काय इचारतीस? बॅग भर."

५) पोस्टातली माझी शिल्लक पुनमच्या शिक्षणाला. लाइट गेली की औषध गार ठेवायचा ओल्या वाळूतला माठही तिलाच. तो चुलीपासून लांब ठेवावा.

६) दर आखाजीला ज्योतीने आठ दिवस माहेरी राहावे. तिच्या मागे सुईचे काम पुनम आणि कुंदन पाहतील. यंदा करून पाहिले आहे. पुनम आपली आपण टोचून घेते, कुंदन वही लिहितो, अक्षर गिचमिड आहे. मशीनवरचा आकडा मला वाचता येत नाही. पुनम वाचते, मी तिचे तोंड वाचते.

ज्योती गेली त्या दिवशी तिने चार फोन केले आणि चारही वेळा साखर किती ते विचारले. परवा एकदा विचारले. काल फोन आला तो निंबाच्या झोक्यावरून. वहिनीने ढकलले, चप्पल उडून विहिरीपाशी पडली, हेच सांगत हसत राहिली आणि फोन ठेवला. साखर विचारायला विसरली.

ज्योती काल विसरली आणि काहीही बिघडले नाही, याची नोंद या मृत्युपत्रात असावी.

वरील मजकूर गुरुजींनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, माझाच आहे. पुढील दोघांच्या देखत अंगठा करते. शाई पुनमने लावली. म्हणाली, "आजी, दुखत नही, भिऊ नको."

तानुबाई झिपरू बडगुजर (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
१. लताबाई, आशा सेविका, सोनगीर (सही)
२. हितेंद्र, शेजारी, दूध डेअरी (सही)

लिहिणार : प्रेमराज गुरुजी (सही)

ठिकाण : सोनगीर
दिनांक : ३० एप्रिल २०२५, आखाजी