डावा खांदा, उजवा कोपर

सन्माननीय व्याही महाशयांच्या सेवेसी,

सादर नमस्कार. येथे आम्ही सर्व सुखरूप आहोत. एका अवयवाचा अपवाद आहे, परंतु तो अवयव माझाच असल्याने त्याविषयी पुढे योग्य ठिकाणी लिहीन. आपली व सौ. विहीणबाईंची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. आपल्या उजव्या कोपराची स्वतंत्र चौकशी केली आहे असे समजावे. (विहीणबाई फोनवर सहज म्हणाल्या की आपण हल्ली चहा डाव्या हाताने ढवळता आणि वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचता. मी त्यावर काहीही बोललो नाही. न बोलण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही, हे आपण जाणताच.) फोनची सोय असता पत्र कशाला, असा प्रश्न आपणांस पडेल. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आपल्या कन्येचे कान घरभर आहेत.

येथे एक खुलासा करतो. ती चांगली वागली की मी तिला ‘आमची सूनबाई’ म्हणतो आणि उलटतपासणी घेऊ लागली की ती ‘आपली कन्या’ होते. या पत्रात दोन्ही येतील, तरी गोंधळ करून घेऊ नये. व्यक्ती एकच आहे.

तर सूनबाईचे शिक्षण पुन्हा सुरू झाले आहे. दचकू नये. ती फिजिओथेरपिस्ट झाली, दवाखाना थाटला, दारावर पाटी लागली, तेव्हा आपण आणि मी दोघांनीही ‘सुटलो’ असे म्हटले होते. परंतु या लोकांचे तसे नसते. पदवी मिळाल्यानंतरही त्यांना अधूनमधून नवे वर्ग करून गुण जमवावे लागतात, नाहीतर नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि नोंदणी नसेल तर रोग्याला हात लावता येत नाही. (आमची चौथी एकदा झाली ती झाली. तिचे नूतनीकरण आजवर कोणी मागितले नाही. उरलेले शिक्षण छापखान्यात शिशाचे खिळे जुळवताना उलट्या अक्षरांतून झाले, म्हणून ते पक्के बसले.) सूनबाईची मुदत या महिनाअखेरीस संपते आणि तिला हवे असलेले गुण देणारा एकच वर्ग शिल्लक होता: ‘खेळाडूंच्या दुखापती व पुनर्वसन’. पुनर्वसन हा शब्द मी हयातभर धरणाखाली गेलेल्या गावांसाठीच जुळवत आलो. गुडघ्याचेही पुनर्वसन होते, ही माहिती मला नवीन होती. हा वर्ग हुकला असता तर दवाखान्याला कुलूप लागले असते आणि तिच्याकडे कुबड्या घेऊन येणारी ती लांब उडीवाली मुलगी, जी नुकती कुठे पाय टेकू लागली आहे, तिला अर्ध्या वाटेवर दुसरे दार शोधावे लागले असते. हे मी आपणांस मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते वाचताना आपणांस हसू येण्याचा संभव आहे.

सूचनापत्रात छापले होते की प्रत्येक प्रशिक्षणार्थीने सरावासाठी सोबत एक शरीर आणावे. ‘शरीर’ असेच छापले होते. आमच्या छापखान्यात आले असते तर मी ‘व्यक्ती’ करून घेतले असते. चिरंजीव नोकरीच्या कामाने परगावी. आमच्या मंडळींनी ‘माझे गुडघे प्रदर्शनात मांडायचे नाहीत’ असे सांगून विषय संपवला. उरलेले शरीर माझे. नाही म्हणावे तर संशय येणार (कशाचा, ते आपणांस ठाऊक आहे), म्हणून मी चिरंजीवांची अर्धी चड्डी चढवली, वर माझा नेहमीचा कोट घातला आणि निघालो. चड्डीवर कोट शोभत नाही, असे सूनबाईने सुचवून पाहिले. सभ्य मनुष्याचे निदान अर्धे अंग तरी झाकलेले असावे, असे मी उत्तर दिले. खरे कारण वेगळे होते. तो कोट मला चारचौघांत काढता येत नव्हता.

वर्ग एका व्यायामशाळेच्या दालनात होता. भिंतीला आरसे, ओळीने घडीच्या खाटा आणि कोपऱ्यात एक सांगाडा, ज्याच्या डोक्यावर कोणीतरी आपली टोपी अडकवली होती. आलेले सर्व जण जगाच्या कंबरा आणि घोटे सरळ करणारे तज्ज्ञ, परंतु स्वतः त्यांच्यातला एकही धड नव्हता. गुडघ्यात वाकून बसण्याचे प्रात्यक्षिक सुरू झाले तेव्हा दालनातून असा आवाज उठला की आमचे जुने छपाईयंत्र थंडीच्या सकाळी सुरू झाल्याचा भास झाला. मधल्या सुट्टीत कोणीही खेळाडूंविषयी बोलेना. प्रत्येक जण शेजाऱ्याला आपली मान दाखवत होता. एका दाढीवाल्या डॉक्टरांनी माझ्या पायांवर निळ्या आणि गुलाबी चिकटपट्ट्यांचा सराव केला. बसवताना त्यांनी फार आदराने बसवल्या, काढताना मात्र माझ्या पोटऱ्यांवरचे पिढीजात केस सोबत नेले. मी हूं की चूं केले नाही. ते म्हणाले, “काका, तुम्ही खेळाडू असणार.” मी म्हटले, “मी छापखान्यात होतो.”

व्याख्यानांतून मला समजलेला सारांश असा की पूर्वी मुरगळले की लेप लावून निजवत, आता दुसऱ्या दिवशीच उठवतात, थोडे थोडे हलवतात, वजन वाढवत नेतात आणि मगच मैदानावर परत पाठवतात. या सर्वांतील मोठी अडचण स्नायू नसून खेळाडू आहे. संघातून नाव जाईल या भीतीने तो दुखणे लपवतो. हे ऐकून दालनातील सर्वांनी हताशपणे माना हलवल्या (ज्यांच्या हलत होत्या त्यांनी). मी खाली बघत होतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षक बाई पूर्वी कोणत्याशा संघाच्या गोलरक्षक होत्या आणि त्या दारात उभ्या राहिल्या की पाणी प्यायला जाणाराही दोनदा विचार करी. त्यांनी प्रत्येक शरीराला एक कागद दिला. माझ्या कागदावर लिहिले होते की मी एकोणीस वर्षांचा धावपटू आहे, उजव्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आहे, निवडचाचणी जवळ आली आहे, म्हणून मी दुखणे लपवतो. आणि विचारले तेवढेच सांगावे. शिट्टी वाजली की एक परीक्षार्थी येणार, पुन्हा वाजली की जाणार. खोटे बोलणे मला जमत नाही, हे मी बाईंना स्पष्ट सांगितले. परंतु न सांगणे जमते, त्यावरच आमचा संसार इथवर आला आहे. त्या म्हणाल्या, “एवढंच पाहिजे, काका.”

मी ती भूमिका जीव ओतून केली. एका बाईंनी वय विचारले, मी ‘एकोणीस’ म्हणालो, त्यांना जे हसू फुटले ते शिट्टीपर्यंत आवरले नाही. पुढच्यांनी मांडी दाबली, पाय उचलला, वाकवला, “दुखतं का?” म्हणून गोड आवाजात विचारले. मी ताठ चेहऱ्याने ‘नाही’ म्हटले. दाढीवाल्या डॉक्टरांनी तर पाठ थोपटून ‘उद्यापासून पळा’ असा लेखी दाखला दिला. एकामागून एक सर्वांनी मला ठणठणीत ठरवले आणि परीक्षक बाईंचा चेहरा उतरत गेला.

सर्वांत शेवटी आपली कन्या आली. घरच्या माणसाची परीक्षा घरच्याने घेऊ नये असा नियम होता, परंतु तिच्या वाट्याचे शरीर पायात गोळा येऊन आधीच घरी गेले होते. परीक्षक बाई म्हणाल्या, “सासरे आहेत? मग तर जास्तच अवघड आहे. चालू दे.” शिट्टी वाजली. मी खाटेवर उजवी मांडी तिच्यापुढे करून बसलो. तिने मांडीकडे पाहिलेही नाही.

“बाबा, कोट काढा.”

मी काढला. ती नुसती बघत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही नेहमी डावी बाही आधी काढता. आज उजवी का?”

“धावपटूच्या बाहीचा मांडीशी संबंध नाही,” मी म्हणालो.

“धावपटूला बसू दे तिकडे. डावा हात वर करा.”

तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तेथे उभा राहिला. मी पुष्कळ आज्ञा केल्या. तिने तळहाताने खांदा धरला, हात थोडा बाहेर फिरवला आणि माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो मी कधी छापलाही नसता. “कधीपासून आहे हे?” तिने विचारले. ते कागदावर लिहिलेले नाही, असे मी उत्तर दिले आणि शिट्टी वाजली.

आता निकाल ऐकावा. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले की मांडी दाबल्यावर ‘आई गं’ का म्हटले नाही, ते तर कागदाच्या मागे लिहिले होते. मी कागद उलटला आणि खरोखरच मागे लिहिलेले होते. व्याही महाशय, छापखान्यात येणारा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेला असावा असा नियम आहे. मागची बाजू पाहण्याची सवय या हातांना कधी लागलीच नाही. बाई न्यायी होत्या. चूक शरीराची, परीक्षार्थींची नव्हे, असे म्हणून ज्यांनी ज्यांनी योग्य जागी मांडी दाबली होती त्या सर्वांना त्यांनी उत्तीर्ण केले. दाढीवाले उत्तीर्ण झाले. हसणाऱ्या बाईही उत्तीर्ण झाल्या, कारण हसता हसता त्यांनी मांडी धरली होती. अनुत्तीर्ण झाली एकटी आमची सूनबाई, जिने मांडीला हातच लावला नव्हता.

घरी येताना ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, “माझं काय व्हायचं ते होईल. तुम्ही आधी खांदा दाखवा.” आणि शेकायची पिशवी गरम करू लागली. मी भिंतीकडे तोंड करून शेक घेतला.

अजून एक वाट उघडी आहे. बाईंनी तिला सांगितले की खोटी मांडी सोडून खरा खांदा ओळखणारी तू एकटीच निघालीस. तेव्हा त्या खांद्याचाच वृत्तांत लिहून महिनाअखेरीच्या आत दे, मी तो परीक्षेच्या जागी धरीन. मात्र दुखापत कशी झाली ते खरे असले पाहिजे. कारण चुकीचे असेल तर पुढचे सगळे व्यायाम चुकीचे. मी तिला सांगितले की माळ्यावरची ट्रंक काढताना झाली. ती म्हणाली, “ट्रंक खाली ओढते, बाबा. हा हात आडवा पिळलेला आहे. कोणीतरी पिळलाय.” तेव्हापासून मी तिच्याशी हवामानाविषयीच बोलतो.

पुढील मजकूर आपणांस ठाऊक आहे, तरी वाद नको म्हणून लिहून ठेवतो. मागील खेपेस आपण येथे आला असता घरातील स्त्रीवर्ग बाजारात गेल्यावर, खिळ्यांच्या पेट्या जड की आपल्या गोदामातली पोती जड, यावरून आपण दोघे जेवणाच्या टेबलावर पंजा लढवायला बसलो. उजव्या हाताची फेरी आपण जिंकलात (टेबलाचा एक पाय लंगडा आहे, हे मी तेव्हा बोललो नाही). डाव्या हाताची मी जिंकली, आणि त्या विजयात सूनबाईचे फळे ठेवायचे काचेचे भांडे खाली गेले. आपण दोघांनी आपापला जो हात हलत होता तो टेबलावर ठेवून शपथ घेतली की हे कोणालाही कळणार नाही, आणि भांड्याचा आळ शेजारच्या मांजरावर घातला. त्या मांजराला या घरात तेव्हापासून दूध मिळालेले नाही. ते माझ्याकडे बघते.

असो. थोरांनी पथ्याने राहावे, धाकट्यांनी अभ्यास करावा आणि मधल्यांनी दोघांना सांभाळावे, एवढेच मागणे. विहीणबाईंस नमस्कार.

आपला नम्र व शब्दाला जागणारा,
व्याही

ता. क. : शब्दाला जागणारा असल्यामुळेच हे पत्र लिहावे लागले. शपथ दोघांची आहे, एकट्याला मोडता येत नाही. तरी उलट टपाली कार्डावर फक्त ‘सांगा’ एवढे लिहून पाठवावे. बाकी काही लिहू नये. कार्ड प्रथम आपल्या कन्येच्या हाती पडते.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करत असतानाच ती शेक घेऊन आली. कार्डाची आता आवश्यकता नाही. तिने म्हणे काल आपल्याकडे फोन केला होता आणि चहा कोणत्या हाताने ढवळला जातो ते तिला विहीणबाईंकडून समजले. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा, आणि मधे तिचे टेबल. तिला जोडायला वेळ लागला नाही. तिने मला फार काही विचारले नाही. फक्त म्हणाली, “बाबा, डाव्या हाताने कोण जिंकलं?” विचारले तेवढेच सांगावे, असा माझा नियम आहे. मी सांगितले.

ता. क. तिसरा : वृत्तांत आता दोन अवयवांचा होणार आहे, म्हणून आपल्या कन्येचा निरोप असा की तिच्या अप्पांनी मिळेल त्या गाडीने निघावे, कोपर सोबत आणावा आणि येताना तसेच काचेचे भांडे घ्यावे. आम्हा दोघांना सकाळ-संध्याकाळ समोरासमोर बसवून रबरी पट्टी ओढायला लावणार आहे. दोन टोके, दोन व्याही. मांजराचे दूध आजपासून पुन्हा चालू झाले.

आपण निश्चिंत मनाने यावे. उजव्या हाताच्या फेरीचा निकाल मी अद्याप कोणालाही सांगितलेला नाही. तो कोणी विचारलेलाच नाही.