सामाईक भिंतीवरचा चार्जर

पिंपळवंडी, मंगळवार, दिवेलागण

बसला एकदाचा गाडीचा चार्जर. कंपनीचा माणूस सकाळी म्हणाला, मीटरजवळच्या भिंतीवरच बसेल. नेमकी तीच भिंत दिरांची आणि आमची सामाईक. वाटणीपासून बोलणं बंद. हे कामावर गेलेले. न विचारता भोक कसं पाडायचं? शेवटी मीच गेले त्यांच्या दारात.

"भाऊजी, आपल्या भिंतीला चार्जर लावायचाय."

"लावा की वहिनी. भिंत काय न्हाई म्हणतीय व्हय?"

मग स्वतःच आले आणि त्या माणसाला म्हणाले, "जरा वर घ्या भाऊ, आमची पोरं लई वांड हायेत."

पोरं माझी. भाऊजींना मूलबाळ नाही. मी चहा टाकायला आत गेले आणि कितीतरी वेळ बाहेरच येववेना.