बॅटरी वाढली

कात्रज, पुणे
(तारीख घालत नाही. पत्र कधी पुरं होईल याची मला खात्री नाही.)

श्री. पोपटराव यांस,

चिरंजीव लिहावं तर तुमच्या नातवाचं बारसं होऊन गेलं, आणि श्रीमंत लिहावं तर तुम्हाला ते खरं वाटेल, म्हणून नुसतं श्री. लिहिलंय. आशीर्वाद आहेतच, ते हवे तेवढे घ्या. तुमची, विमलाबाईंची आणि सीताफळाच्या बागेची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. माझी बरी आहे. इंदूची, म्हणजे तुमच्या अक्काची, वरून बरी आहे. परवा तुमचा फोन आला. आईंचं जेवण उतरलंय, माणसं ओळखताना त्यांचा गोंधळ होतो, आणि रोज दुपारी ओट्यावर बसून ‘इंदीची गाडी आली का’ म्हणून विचारतात, एवढं सांगून तुम्ही ‘दाजी, रेंज नाय, रेंज नाय’ करत फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. तुमच्या फोनला रेंज नाही आणि आमच्या गाडीला रेंज नाही, फरक एवढाच की तुमची गच्चीवर गेल्यावर येते.

गाडी कशी घेतली ते तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण त्यात तुमच्या घराचाही हात आहे. आम्ही आयुष्यभर स्वारगेटवरून एसटीने बार्शीला आलो आणि सुखाने आलो. पण एका दिवाळीला इंदू स्टँडवरून पिशव्या सांभाळत दारात आली आणि विमलाबाई हसून म्हणाल्या, ‘वन्सं, अजून एसटीच का?’ (त्या सहज बोलल्या असतील. विमलाबाई सगळं सहजच बोलतात.) इंदू चार दिवस हसतमुख राहिली आणि परतीच्या एसटीत टेंभुर्णी येईपर्यंत रडली. पुढच्या वेळी आईच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरेन, नाहीतर उतरणारच नाही, असं तिने तिथे जाहीर केलं. आमचा शंभू तेव्हा हिंजवडीत होता. त्याने लॅपटॉपवर तक्ते दाखवून सिद्ध केलं की आता पेट्रोल म्हणजे मागासलेपण. विजेवरची गाडी दारात आली, पेढे वाटले, आणि सहा महिन्यांत शंभू बंगळुरूला गेला. आता तो तिथून सल्ले पाठवतो. स्वतः पेट्रोलची गाडी चालवतो.

कंपनी म्हणाली होती, एका चार्जिंगला तीनशे बारा किलोमीटर. हे तीनशे बारा कोणत्या रस्त्यावर, कोणत्या देशात, कोणी चालवून काढले कोण जाणे, बहुधा उतारावर. आम्हाला सव्वादोनशे मिळायचे. पण बार्शी त्यात बसत होती, तेव्हा आमचं काही म्हणणं नव्हतं. ते दोन फेरे तुम्हाला आठवत असतील. आईंना पुढच्या सीटवर बसवून गावातून तीनदा फिरवलं. आवाज येत नाही म्हणून त्या दर पाच मिनिटांनी ‘चालू हाय ना रं?’ म्हणून विचारायच्या आणि एसीचा झोत तोंडावर आला की डोळे मिटून घ्यायच्या. (तुम्ही मात्र ‘दाजी, ही गाडी का खेळणं?’ एवढंच म्हणालात. तेही लक्षात आहे.) तेव्हापासून त्यांनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, की माझी लेक गाडीनं येते.

आता आमचं चुकलं कुठे, ते ऐका. आम्ही गाडी जपली. सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नाही. उगाच भाजीला नेली नाही. आणि बॅटरी कायम शंभर टक्के भरून, वर कव्हर घालून, उन्हात उभी ठेवली, न जाणो कधी बार्शीहून फोन आला तर. अहो, जिथे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे माणूस पिंप भरूनच ठेवणार ना? पिंप भरलेलं, सिलिंडर भरलेला, तांदळाचा डबा भरलेला, हेच आम्ही शिकलो. तर कंपनीतली सोनाली नावाची मुलगी मला सांगते, सर, शंभर टक्के करून ठेवायचीच नसते, ऐंशीवर थांबायचं, भरून ठेवली की ती खराब होते. मी म्हटलं, बाई, मग वर शंभरचा आकडा कशाला छापलात, शोभेला? त्यावर ती गोड हसली. त्यांना हसण्याचा पगार मिळतो.

पाटबंधारे खात्यात जन्म गेल्यामुळे मला हा आजार लगेच कळला. धरणात गाळ साचला की वरून पाणी तेवढंच दिसतं, भिंतीवरच्या खुणेपर्यंत, पण शेतकऱ्याच्या पाटात यायच्या वेळी गायब. आमच्या बॅटरीचं तसंच. पडद्यावर शंभर टक्के, हिरवंगार, आणि पुण्याबाहेरचं मांजरी गाव ओलांडेपर्यंत अठ्ठ्याऐंशी. (सोसायटीच्या सेक्रेटरीने यावर उपाय सुचवला, की गाडी जरा उघड्यावर लावा, रेंज येईल. तो मोबाईलबद्दल बोलत होता की काय, हे मी विचारलं नाही. चार्जिंगचा पॉइंट त्याच्याच मेहेरबानीवर आहे.)

गेल्या मे महिन्यात आम्ही निघालो होतो, हे तुम्हाला आम्ही सांगितलेलं नाही. शंभूच्या सल्ल्यानुसार एसी बंद, काचा बंद (काचा उघड्या ठेवल्या तर म्हणे वारा अडवतो), वेग बैलगाडीपेक्षा जरासा बरा. इंदू ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन बसलेली, मांडीवर आईंसाठी केलेले रव्याचे लाडू. भिगवण गेलं तशी तिने रस्त्याकडे बघणं सोडून दिलं आणि नुसती आकड्याकडे बघत बसली. इंदापूरच्या अलीकडे पडद्यावर लाल कासव उगवलं, म्हणजे बॅटरी तळाला गेली. हो, कासव. लाखांची गाडी आणि संकटात दाखवते काय तर कासव! वाटेत चार्जर आहेत असं शंभू म्हणतो. आहेत ना. एका हॉटेलच्या मागे होता, त्याला शेळी बांधलेली होती. ॲपवर ‘उपलब्ध’ लिहिलं होतं, ते बहुधा शेळीबद्दल असावं. पुढचा चालू होता, पण त्याचं ॲप वेगळं, त्या ॲपला ओटीपी हवा, आणि ओटीपी जायचा बंगळुरूला शंभूच्या फोनवर, आणि शंभू मीटिंगमध्ये. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो. जेमतेम घरी परतण्याइतकी बॅटरी भरली. लाडू आम्हीच खाल्ले. इंदूने एकही खाल्ला नाही, म्हणजे मीच खाल्ले. त्या दिवशी मला त्या गाडीला काठीने बडवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला गेलो. मी बाहेर वॉचमनशी पार्किंगवरून बोलत होतो (भांडत नव्हतो, बोलत होतो), तोवर इंदू आत काउंटरवर गेली. आता तुम्हाला तुमचं घर माहीत आहे. आईंच्या घरात ‘संपलं’ हा शब्द काढायची सोय नाही. तांदूळ वाढले, मीठ वाढलं, कुंकू वाढलं, काच फुटली तरी बांगडी वाढली. लहानपणी ‘आई, त्याल संपलं’ म्हणालात म्हणून तुमचा कान कसा पिरगळला होता, हे तुम्हीच मला सांगितलंय. तर तुमच्या अक्काने काउंटरवर अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, ‘अहो, गाडीची बॅटरी वाढली हो, इंदापूरलाच वाढली.’ आणि त्या सोनालीने आनंदाने इंग्रजीत टाईप केलं, की ग्राहकाच्या म्हणण्यानुसार बॅटरीची क्षमता वाढली आहे, ग्राहक समाधानी. पुढे एक हसरा चेहरा. तक्रार बंद.

हे मला कळलं कधी, तर परवा, तुमचा फोन आल्यावर बॅटरी बदलून मागायला गेलो तेव्हा. आठ वर्षांची हमी आहे, पण सोनाली म्हणाली, सर, आमच्याकडे तर मॅडमची बॅटरी वाढल्याची नोंद आहे, आणि वाढलेली बॅटरी हमीत बसत नाही. मी तिला तांदूळ, मीठ, कुंकू, बांगडी, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, की सर, मग खरंच वाढली तर तुमच्यात काय म्हणतात? याचं उत्तर, पोपटराव, तुम्हीच आईंना विचारून कळवा. ती म्हणाली, हे डिग्रेडेशन आहे सर, वयाप्रमाणे होतंच. शेजारी इंदू उभी होती. तिने तोंड फिरवलं, आणि ती बॅटरीबद्दल विचार करत नव्हती हे मला कळलं.

असो. बाकी क्षेमच म्हणायचं. विमलाबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, सीताफळांना योग्य भाव.

आपला,
वैजनाथ

ता. क. १ : खरं काम लिहायचं राहिलंच. गाडी अजून इंदापूरपर्यंत येते. तुमची जीप आहेच. तर तुम्ही आईंना जीपमध्ये घालून तेवढं इंदापूरपर्यंत आणा. निम्म्याहून जास्त वाट आम्ही येतो, उरलेली तुम्ही या. एखाद्या झाडाखाली मायलेकी बसतील घटकाभर. (शेळीवाल्या हॉटेलात चहा बरा असतो.)

ता. क. २ : बार्शीला स्वारगेटवरून एसटी सुटते, ती अजून बंद झालेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. ते लिहून कळवू नका.

ता. क. ३ : अक्षराकडे बघू नका, बस हलतेय. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तेवढ्यात इंदूने पत्र उघडून वाचलं. ‘धड चालता येत नाही त्या म्हातारीला तुम्ही इंदापूरला बोलावताय? तेही गाडीच्या तोऱ्यासाठी? लाज नाही वाटत?’ एवढंच म्हणाली, आणि पिशवी घेऊन जिना उतरली. चप्पल घालून मागे धावलो. (तोरा नक्की कोणाचा होता, यावर मी बसमध्ये एक अक्षर बोललेलो नाही. मला बार्शीपर्यंत जायचंय.) आत्ता इंदापूर मागे पडलं. एसटीला काहीही झालं नाही. या पानांचे फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतोय. गच्चीवर जा म्हणजे मिळतील.

आम्ही स्टँडवरून चालत येऊ. विमलाबाईंना सांगा, आजचा दिवस सहज काही बोलू नका. आणि आई ओट्यावर असतील, आम्हाला ओळखलं किंवा नाही ओळखलं, तरी गाडी कुठाय ते विचारतीलच. त्यांना गाडी बिघडली, दुरुस्तीला टाकली, असलं काही सांगत बसू नका. गाडी वाढली म्हणा. त्यांना कळेल.